विटांचा खेळ, फ्लॉपी आणि मंडळाचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकाल असे भारदस्त विषय व्हावेत आणि त्यांच्या पंगतीत आम्ही संगणकावरील एका जुन्या खेळाला आणून बसवावे, हे पाहून काही ज्येष्ठांनी नाके मुरडली असतील. त्यांचा रोष आम्हांस मान्य आहे. परंतु विषयाची निवड आम्ही गमतीखातर केलेली नाही. या खेळाच्या कहाणीतून आपल्या मंडळाच्या दाराशी येऊन ठेपलेल्या एका प्रश्नाकडे जाता येते. तो प्रश्न कोणता, हे यथावकाश सांगूच. आधी खेळाची ओळख करून घेऊ.

खेळाचे नाव टेट्रिस. नाव अपरिचित वाटले तरी खेळ आपल्या घरांतून येऊन गेलेला आहे. १९९० नंतरच्या दशकात हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे एक करड्या पडद्याचे खेळणे बाजारात मिळू लागले. त्यावर ‘ब्रिक गेम’ असे लिहिलेले असे, आणि आत हजारो खेळ असल्याची बढाईही छापलेली असे. मुले त्याला विटांचा खेळ म्हणत. सुटीत मुलखाकडे जाताना गाडीच्या वरच्या बाकावर पडून भावंडे या खेळण्यासाठी भांडत असत, हे येथील अनेक मातापित्यांना आठवत असेल. वरून निरनिराळ्या आकारांच्या विटा खाली येतात. त्या फिरवून, सरकवून अशा बसवायच्या की आडवी ओळ फटीवाचून भरावी. भरलेली ओळ नाहीशी होते. न भरलेल्या ओळी मात्र एकीवर एक चढत जातात, आणि थप्पी माथ्याला टेकली की खेळ संपतो.

या खेळाचा जन्म मॉस्को येथे १९८४ साली झाला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेइ पाजित्नोव नावाचे संशोधक काम करीत होते. लाकडी तुकडे जुळवून चौकट भरण्याच्या कोड्यांची त्यांना लहानपणापासून आवड होती. पाच सारखे चौकोन कडेला कड लावून जोडले तर बारा निरनिराळे आकार तयार होतात. अशा आकारांचे गणित अमेरिकेतील सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ पासून मांडले होते. पाजित्नोव यांना हे कोडे संगणकावर आणावयाचे होते. परंतु धावत्या खेळात बारा आकार डोळ्यांत आणि डोक्यात ठेवणे जड जाईल, म्हणून त्यांनी चारच चौकोनांचे आकार घेतले. ते सात भरतात. ‘टेट्रा’ म्हणजे ग्रीक भाषेतील चार. त्याला त्यांच्या आवडत्या टेनिसचे शेपूट जोडले आणि नाव झाले टेट्रिस.

ज्या यंत्रावर हे घडले त्याचे नाव एलेक्ट्रोनिका ६०. त्याच्या पडद्यावर चित्र उमटत नसे, केवळ अक्षरे आणि चिन्हे उमटत. तेव्हा पाजित्नोव यांनी चौकोनी कंसांची एकेक जोडी हाच एकेक चौकोन मानला. रंग नाही, आवाज नाही. पहिल्या प्रयत्नात आकार खाली येऊन साचत आणि क्षणार्धात पडदा भरून जाई. मग त्यांना सुचले की भरलेली ओळ पुसून टाकावी. या एका नियमाने खेळाला प्राण आला. सहकारी कामे बाजूला सारून त्या यंत्राभोवती जमू लागले.

येथे आपल्या गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या भिलाईत आपण आज बसलो आहोत, ती सोव्हिएत सहकार्याने उभी राहिली. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर, वर्धा, गोंदिया, पुण्याकडून आपली कुटुंबे येथे आली ती या कारखान्याच्या ओढीने. रशियन तंत्रज्ञ, रशियन नकाशे, रशियातून मराठीत भाषांतरित होऊन येणारी मुलांची सुबक पुस्तके, हे सारे आपल्या संसारांच्या आसपास वावरलेले आहे. परंतु हा रशियन खेळ मात्र त्या सरळ वाटेने आपल्यापर्यंत आला नाही. तो अर्धी पृथ्वी फिरून, खेळण्यांच्या दुकानातून आला. त्याचा प्रवास कसा झाला, हेच आजच्या विषयाचे मर्म आहे.

पाजित्नोव यांचे तरुण सहकारी दिमित्री पावलोवस्की आणि वादिम गेरासिमोव नावाचा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा यांच्या साहाय्याने हा खेळ आय.बी.एम. जातीच्या वैयक्तिक संगणकावर आणण्यात आला. आता त्याला रंग लाभले, आणि मुख्य म्हणजे तो फ्लॉपीवर मावू लागला. त्या काळच्या सोव्हिएत व्यवस्थेत एखाद्या व्यक्तीने आपली आज्ञावली बाजारात विकण्याची सोय नव्हती. तेव्हा ज्याला हवी त्याने नक्कल करून घ्यावी, असा प्रकार सुरू झाला. मित्राने मित्राला, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला फ्लॉपी द्यावी, असे होत होत खेळ मॉस्कोभर पसरला. जाहिरात नाही, दुकान नाही, टपालखर्चही नाही. हातोहात तो हंगेरीत बुडापेस्टपर्यंत पोहोचला. तेथे १९८६ साली लंडनचे व्यापारी रॉबर्ट स्टाइन यांनी तो पाहिला, आणि पुढचे व्यापारी पर्व सुरू झाले.

आजच्या मुलांसाठी फ्लॉपी म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. त्यांना ती केवळ ‘साठवा’ या आज्ञेचे चिन्ह म्हणून ठाऊक आहे. आवरणात बसवलेली प्लॅस्टिकची पातळ लवचीक चकती, तिच्यावर लोहचुंबकीय द्रव्याचा लेप, आणि त्या लेपावर उमटलेली अक्षरे. आय.बी.एम. कंपनीने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली. १९७६ साली सव्वापाच इंची आणि १९८० नंतर साडेतीन इंची आली. या शेवटच्या जातीची क्षमता हिशेबाने सांगता येते. चकतीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे १८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट. गुणाकार येतो १४,७४,५६०. रोमन लिपीतील एक अक्षर म्हणजे एक बाइट, असे धरल्यास एक बऱ्यापैकी जाड पुस्तक तीत मावे. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र मात्र बहुधा मावणार नाही.

व्यापारी पर्वाचा तपशील थोडक्यात सांगतो. १९८८ साली अमेरिकेत हा खेळ लाल रंगाच्या खोक्यात, वर मॉस्कोच्या सेंट बॅसिल चर्चचे चित्र छापून विक्रीस आला. खोक्याच्या आत अर्थातच फ्लॉपी होती. हक्क नेमके कोणाचे, यावरून मोठा गुंता झाला. १९८९ च्या फेब्रुवारीत तीन परकीय पक्षांचे प्रतिनिधी एकाच सुमारास मॉस्कोत सरकारी निर्यात संस्थेच्या दारात हजर झाले. त्यांपैकी हेंक रॉजर्स यांनी हातात धरण्याच्या यंत्राचे हक्क मिळविले. त्याच वर्षी जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘गेम बॉय’ नावाचे यंत्र निघाले आणि त्याच्यासाठी काढलेल्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव या अंतराळवीराने तो आपल्याबरोबर ‘मीर’ या अंतराळस्थानकावरही नेला. स्वतः पाजित्नोव यांनी १९८६ साली आपले हक्क दहा वर्षांसाठी सरकारकडे सोपवले होते. त्यामुळे त्यांच्या पदरी काही पडू लागले ते १९९६ नंतर. नकलेने खेळ जगला, पण नकलेने कर्त्याचे पोट भरले नाही, ही या कथेची दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

हा खेळ दिसतो तितका सोपाही नाही. वळणावळणाचे दोन उलटसुलट आकार एकाआड एक सतत येत राहिले तर कितीही निष्णात खेळाडू अखेर हरणारच, हे १९९७ साली गणिताने सिद्ध करण्यात आले. पुढे येणाऱ्या विटांचा क्रम आधी सांगितला तरी त्या सर्वोत्तम रीतीने कशा बसवाव्यात हे ठरविणे संगणकालाही अतिशय बिकट पडते, हे २००२ साली दाखविले गेले. आणि १९८९ च्या निन्टेंडो आवृत्तीत इतके पुढे जाता येते की यंत्रच गोंधळून थिजते, हे २०२३ च्या डिसेंबरात एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने खेळून दाखविले. चौतीस वर्षे खेळाडू यंत्रापुढे हरत आले होते. यंत्र थकण्याची ही पहिली वेळ.

आता आजच्या काळाकडे वळू. फ्लॉपीचे युग संपले. सोनी कंपनीने २०११ साली साडेतीन इंची फ्लॉपीचे उत्पादन थांबविले. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाने आठ इंची फ्लॉपीला निरोप दिल्याचे २०१९ साली जाहीर झाले. जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढून टाकली ती २०२४ साली. असे असताना युरोप-अमेरिकेत काही हौशी मंडळी अजब उद्योग करताना दिसतात. कमोडोर ६४, अमिगा यांसारख्या १९८० च्या दशकातील यंत्रांसाठी रचलेले कोड्यांचे व कसबाचे खेळ ती पुन्हा फ्लॉपीवर काढतात. छापील खोका, आत माहितीपुस्तिका, आणि जुन्या शिल्लक मालातून मिळविलेली चकती. ज्या कमोडोर कंपनीने ती यंत्रे घडविली, तिचे दिवाळे १९९४ सालीच निघाले आहे. तरीही या आवृत्त्यांना गिऱ्हाईक मिळते.

हे वेड आहे काय? आम्ही या प्रश्नाचा बराच विचार केला. चकती खाचेत सरकवण्याचा स्पर्श, आतल्या यंत्राची करकर, आणि खेळ उघडेपर्यंतची वाट पाहणे, यांत त्या पिढीचे बालपण साठलेले आहे. आपल्याकडे मुंजीत लंगोटी आणि दंड देतात. बटू पुढे अरण्यात जाणार नसतो, हे सर्वांना ठाऊक असते. तसाच हा प्रकार. मात्र एक गोष्ट फार लक्षात घेण्याजोगी आहे. अशा अनेक आवृत्त्यांत फ्लॉपीच्या जोडीला त्याच खेळाची आजच्या संगणकावर उतरवून घेता येईल अशी प्रतही देतात. जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणाऱ्या आज्ञावल्या आता तयार झाल्या आहेत, आणि त्यांत ती प्रत चालते. म्हणजे या मंडळींचे प्रेम फ्लॉपीवर आहे, परंतु भरवसा नकलेवर आहे. वस्तू जपावी ती मायेपोटी. मजकूर जपावा तो नक्कल करून. हा भेद त्यांना नीट उमगला आहे.

बंधुभगिनींनो, येथून आम्ही आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. मंडळाच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात, खालच्या खणात, पत्र्याचा एक डबा आहे. त्यात फ्लॉपी आहेत. १९९० नंतर आपल्या स्मरणिका, सभासदांच्या याद्या, वार्षिक अहवाल, नाट्यस्पर्धांसाठी आपल्याच सभासदांनी लिहिलेल्या संहिता संगणकावर जुळवल्या जाऊ लागल्या. कागदाच्या प्रती वाटून संपल्या, काही पावसात भिजल्या, काही घरे बदलताना रद्दीत गेल्या. डबा राहिला. अशाच फ्लॉपी अनेक सभासदांच्या घरीही असतील. आपल्या पन्नास वर्षांपैकी निदान दहा-बारा वर्षांचे दप्तर आज या चकत्यांच्या स्वाधीन आहे.

या दप्तराला तीन कुलुपे आहेत. पहिले चकतीचे. चुंबकीय ठसे हळूहळू क्षीण होत जातात, आणि दमट हवेत लेपावर बुरशी चढते. दुसरे कुलूप वाचणाऱ्या यंत्राचे. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारी, आजच्या संगणकाला बाहेरून जोडण्याची यंत्रे अद्याप मिळतात. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुने यंत्र मिळवून त्याला खास जोडणी करावी लागते. तिसरे कुलूप सर्वांत चिवट आहे, आणि ते खास आपले आहे. ते लिपीचे.

त्या काळात संगणकावर मराठी उमटविण्याच्या पद्धती अनेक होत्या. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने यात मोठे काम केले, खाजगी कंपन्यांचे टंकही घरोघर आले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली एक सरकारी प्रमाणही ठरले. परंतु छपाईसाठी वापरात असलेल्या बहुतेक टंकांत प्रत्येकाची मांडणी निराळी होती. पडद्यावर ‘म’ दिसत असला तरी आत साठवलेली असे एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह. तो विशिष्ट टंक हाताशी असेल तोवर सारे ठीक. टंक गेला की ‘मंडळ’ या शब्दाच्या जागी परक्या चिन्हांची खिचडी दिसू लागते. जगातील सर्व लिप्यांना एकाच प्रमाणात बसविणारे युनिकोड १९९१ साली आले आणि त्यात देवनागरी होती. परंतु सामान्य संगणकांवर ते रुळले २००० नंतर. तत्पूर्वीचा आपला मजकूर किल्ली हरवलेल्या लिपीत पडून आहे.

किल्ली हरवलेली लिपी हा प्रकार मराठीला नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. हा पंथ पंजाबात गेला, पार काबूलपर्यंत पोहोचला, आणि जाताना आपली मराठी बरोबर घेऊन गेला. तेथील मठांत महानुभावांनी या पोथ्या पिढ्यान् पिढ्या उतरून काढल्या. पंथाबाहेरच्या मराठी माणसाला मात्र त्या दिसूनही वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, आणि मराठीचे आद्य गद्य विद्वानांपुढे खुले झाले. परंपरा तर असेही सांगते की, ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाली, आणि ते शिष्यांनी आपापल्या आठवणीतून पुन्हा उभे केले. मूळ प्रत गेली आणि तरीही ग्रंथ राहिला, कारण तो अनेकांच्या मुखी होता.

टेट्रिसची फ्लॉपी आणि महानुभावांची पोथी यांत एक साम्य आम्हांस दिसते. दोन्ही टिकल्या त्या त्यांच्या प्रती झाल्या म्हणून. ज्या फ्लॉपीची नक्कल कोणी केली नाही, ती कितीही जपून ठेवली तरी तिचे दिवस मोजलेले आहेत. आपल्या डब्यातील फ्लॉपी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. मॉस्कोतील एक कोडे जगभर खेळले जाते, आणि आपल्या मंडळाच्या पहिल्या एकांकिकेची संहिता गावातल्या गावात कोणाला वाचता येऊ नये, ही तफावत आम्हांस बोचते.

दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर याचे मोल अधिक आहे. पुण्या-नागपुरातील संस्थेचा इतिहास हरवला तर तो वर्तमानपत्रांत, ग्रंथालयांत कोठेतरी सापडेल. येथे कोण आले, कोणी पहिला गणपती बसविला, मराठी शाळेचे वर्ग कोणाच्या ओसरीवर भरले, हे आपण लिहून ठेवले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही. आपली नातवंडे आज बंगळूरला आहेत, कोणी परदेशी आहेत. ती मराठी बोलतात, काही वाचतातही. त्यांना आपण डबा द्यावयाचा की मजकूर, हे आताच ठरवावे लागेल.

म्हणून या व्यासपीठावरून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली : ज्यांच्या घरी मंडळाशी संबंधित फ्लॉपी असतील त्यांनी त्या कार्यालयात आणून द्याव्यात. त्यांवर काही नवे लिहू नये. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटी पट्टी सरकवून छिद्र उघडे ठेवावे, म्हणजे चुकूनही मजकूर पुसला जाणार नाही. बुरशी दिसत असेल ती चकती यंत्रात घालू नये. ती स्वतः बिघडेल आणि यंत्रालाही बिघडवील. दुसरी : आपल्या तरुण अभियंत्यांनी हा मजकूर उतरवून, जुन्या टंकांतून युनिकोडात आणून, त्याच्या निदान तीन प्रती तीन निराळ्या गावी ठेवाव्यात आणि एक कागदावर छापून ग्रंथालयात द्यावी. टंक बदलून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत, परंतु जोडाक्षरांत त्या चुकतात. तेव्हा मुद्रिते तपासण्यासाठी ज्यांची मराठी पक्की आहे अशा आजी-आजोबांनी त्यांच्या शेजारी बसावे. तिसरी : जुन्या छायाचित्रांमागे नावे लिहावीत. ती नावे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. हे काम बैल गेल्यावर झोपा करण्यासारखे होऊ नये.

कोणी म्हणेल, यात खर्च आहे, खटपट आहे. आहेच. परंतु हा आपलाच मजकूर आहे.  सुवर्णमहोत्सवानिमित्त मांडव, भोजन आणि रोषणाई यांवर आपण जो खर्च केला, त्याच्या अल्पशा अंशात हे होऊ शकेल.

विटांच्या त्या खेळात भरलेली ओळ नाहीशी होते आणि खेळाडूला आनंद होतो. संस्थेच्या आयुष्यात मात्र भरलेली वर्षे अशी पुसली जाऊ नयेत. मंडळाची अमृतमहोत्सवी स्मरणिका जे संपादित करतील, त्यांच्या हाती आपले सारे दप्तर वाचता येईल अशा स्वरूपात पडो, एवढी इच्छा व्यक्त करतो. डबा उघडण्याच्या कामासाठी येत्या रविवारी सकाळी कार्यालयात जमावे, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. आपण सर्वांनी अगत्य यावे.